रिकाम्या मोटारीचे दिवस

आनंदाबाईला त्या दुपारचं धड काही आठवत नसे. आठवे ते तुकड्यातुकड्यांनी. मोटारीचं पत्र्याचं छत, कुणाच्या तरी धोतराचा धरलेला आडोसा, रुख्माबाई सुइणीचा घामेजलेला हात, आणि पार पुढे, काचेपाशी, खाकी टोपी घातलेलं एक डोकं. ते डोकं एकदाही मागे वळलं नव्हतं. बाकीचं सगळं तिला पुढे लोकांनी सांगितलं, आणि इतक्या वेळा सांगितलं की ते आपण स्वतःच पाहिलं असं तिला वाटायला लागलं.

झालं होतं ते असं. पहिल्या मोठ्या निवडणुकीची धामधूम नुकतीच सरली होती आणि वडनेरच्या शिवारात कापसाची शेवटची वेचणी चालू होती. केशवची बायको आनंदाबाई तिसऱ्यांदा बाळंत होत होती. आधीची दोन लेकरं जन्मली तशीच गेली होती, त्यामुळे घरात कुणी मोठ्यानं बोलतही नव्हतं. पहाटेपासून कळा येत होत्या. दुपार झाली तशी रुख्माबाई बाहेर आली आणि केशवला म्हणाली, "आता हे माह्या हातचं नाई. हिंगणघाटले न्या."

बैलगाडीनं हिंगणघाट गाठायचं म्हणजे दिवस बुडाला असता. तरी केशवनं गाडी जुंपली, तिच्यात गादी टाकली आणि बायकोला घेऊन, रुख्माबाईला सोबतीला बसवून, सडकेला लागला. तेवढ्यात समोरून मोटार आली. पण ती हिंगणघाटहून निघालेली, नदीपलीकडे जाणारी. म्हणजे नेमकी उलट्या वाटेची. केशव तरीही सडकेच्या मधोमध जाऊन हात वर करून उभा राहिला.

ड्रायव्हर कवडू खाली उतरला. त्यानं गाडीत एकदाच डोकावून पाहिलं. मग तो मोटारीच्या दारात उभा राहून आतल्या लोकांना म्हणाला, "मी मांगं फिरून राह्यलो. ज्यायले घाई असन त्यायनं उतरा. माह्यावर राग धरू नका."

कंडक्टरनं त्याच्या कानाशी लागून आठवण करून दिली की संध्याकाळच्या लग्नाचं वऱ्हाड नदीपलीकडून न्यायचं आहे, शेठनं बजावून सांगितलं आहे. कवडू म्हणाला, माहीत हाये. एक कापडवाला तेवढा कुरकुरत खाली उतरला, पण दुसरं कुणीच उतरेना असं पाहून पुन्हा वर चढला. बायकांनी मागचं बाकडं मोकळं केलं. सडक अरुंद होती, दोन्हीकडे चर. तसल्या जागी कवडूनं ती धूड मोटार पुढे-मागे करत फिरवली आणि जी सोडली ती हिंगणघाटच्या सरकारी दवाखान्याच्या पायऱ्यांशीच उभी केली.

डॉक्टरीणबाई नंतर केशवला म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर दोघींतली एकही हाती लागली नसती. मुलगी झाली होती. चांगली ठणठणीत, घसा फाडून रडणारी. केशव धावत बाहेर आला ते ड्रायव्हरचे पाय धरायला, तर मोटार केव्हाच निघून गेली होती.

हिंगणघाटातच आनंदाबाईच्या मामाचं घर होतं. सव्वा महिना ती तिथं राहिली. मुलीचं नाव सुधा ठेवलं. बारशाच्या लाडवांपैकी काही तिनं डब्यात बाजूला काढून ठेवले, आणि मामीनं विचारल्यावर सांगितलं की हे मोटारवाल्या भाऊंचे. त्या माणसाचं तोंडही तिनं पाहिलं नव्हतं. रोज लेकराला न्हाऊमाखू घालताना ती मनातल्या मनात त्याच्याशी बोलत असे. काय बोलायचं ते दर वेळी निराळंच ठरे.

घरी परतायच्या दिवशी ती डबा घेऊन मोटारीत चढली आणि सरळ पुढे गेली. चाकामागे कुणी कोवळा पोरगेला माणूस बसला होता. कवडूभाऊ कुठं म्हणून तिनं विचारलं. तो नुसता कंडक्टरकडे पाहायला लागला.

कंडक्टरनं तिला ओळखलं होतं. मोटार सुटल्यावर तो जवळ येऊन उभा राहिला आणि हळू आवाजात त्यानं सगळं सांगितलं. त्या दिवशी वऱ्हाडाला मोटार मिळाली नाही. वधूपक्षाची माणसं सडकेवर ताटकळत बसली आणि शेवटी बैलांच्या रेंगी-दमण्या जुंपून गेली. लग्नाचा मुहूर्त टळला. मोटारीचे मालक ओमप्रकाश शेठ भडकले आणि त्याच संध्याकाळी त्यांनी कवडूला कामावरून काढून टाकलं. मोटार माझी आहे, ती कुठं वळवायची ते मी ठरवीन, असं म्हणाले.

आनंदाबाईनं डबा जवळ ओढला. मांडीवर लेकरू झोपलेलं, शेजारी लाडवांचा डबा, आणि खाली तीच मोटार. निखाऱ्यांवर बसल्यासारखी ती वडनेरपर्यंत बसून राहिली. उतरल्यावर ती केशवला पहिलं वाक्य बोलली ते हेच, "आता या मोटारीत मले कोनी बसा म्हनू नका."

केशवला वाटलं, बाळंतीण आहे, मनाला लावून घेतलंय, विसरेल. पण पुढच्याच आठवड्यात लेकराला दवाखान्यात दाखवायचं होतं. तेव्हा मोटार पिंपळाखाली येऊन पोंगा वाजवत उभी राहिली असताना आनंदाबाई तिच्यावरून नजर फिरवून कापसाच्या गाडीवर जाऊन बसली. गाठोड्यांमध्ये जागा करून, लेकराला पदराखाली घेऊन.

हिंगणघाटला पोहोचल्यावर तिनं केशवला कवडूचं घर शोधायला लावलं. कवडू घरी नव्हता, कापसाच्या जिनाच्या आवारात हमाली करत होता. त्याची बायको धुरपता त्यांना तिकडे घेऊन गेली. कापसाच्या तुसानं पांढरा झालेला एक उंच, वाकलेला माणूस डोक्यावरचं ओझं टाकून पुढे आला. आनंदाबाईला इतके दिवस ठरवलेलं एकही वाक्य आठवेना. तिनं लेकरू तेवढं त्याच्यापुढे केलं.

कवडूनं हात धोतराला पुसले, तरी ते पुढे केले नाहीत. अंगावर तूस आहे म्हणाला. तो नुसता वाकून बघत राहिला. लेकरानं जांभई दिली तेव्हा मात्र हसला.

"तुमची नोकरी आमच्यापायी गेली," केशव म्हणाला.

"तुमच्यापायी कायले जाईन? गाडी मी फिरवली. सांगूनसवरून फिरवली." मग थोडं थांबून तो म्हणाला, "शेठचंही नुकसान झालं, ते काई खोटं नाई."

आनंदाबाईनं त्याला सांगितलं की आपण त्या मोटारीत पाय ठेवायचा सोडला. कवडूला ते आवडलं नाही. तो म्हणाला, बाई, उगाच लेकराले उन्हातान्हात काढू नका, मोटार काय माणूस आहे काय रुसायला. पण बोलता बोलता कुठं लांबवर पोंगा वाजला आणि त्याची मान आपोआप तिकडे वळली. ते तिनं पाहिलं. नवा माणूस गिअर टाकताना घाई करतो, गाडी रडवतो, एवढंच तो पुटपुटला.

केशवनं गाडीतून लाडवांचा डबा आणि ज्वारीचं पोतं उतरवलं तेव्हा कवडू नको नको म्हणायला लागला. धुरपता मध्ये पडली. "लेकराच्या नावानं आलं ते परत नाई धाडत," म्हणाली आणि स्वतःच पोत्याला हात लावला. निघताना तिनं आनंदाबाईला कुंकू लावलं. दोघींची तीच पहिली भेट, पण आनंदाबाईला वाटलं, सासरमाहेरच्या पलीकडे आणखी एक घर आपल्याला मिळालं.

ती काही गावाला उपदेश करायला गेली नाही. विहिरीवर बायकांनी विचारलं, बाजाराला मोटारीनं का गेली नाहीस, तर तिनं कारण सांगितलं. बस एवढंच. रुख्माबाई तिथं कपडे धूत होती. तिनं पिळलेलं लुगडं दगडावर ठेवलं आणि म्हणाली, मीही त्या दिवशी मोटारीत होते, मलाही माहीत नव्हतं. पुढच्या बाजाराला रुख्माबाई गाडीनं गेली. तिच्याबरोबर तिच्या आळीतल्या बायका गेल्या. त्यांना बघून त्यांच्या घरचे पुरुष. कापसाच्या गाड्या हिंगणघाटला जातच होत्या, आधी जी माणसं मोटारीनं जात ती आता गाठोड्यांवर बसून जायला लागली.

सगळ्यात अवघड प्रश्न शाळेच्या हरिभाऊ गुरुजींनी काढला. गुरुजींचं बिऱ्हाड हिंगणघाटला, ते दर शनिवारी मोटारीनं घरी जात. त्यांनी पारावर सगळ्यांसमोर विचारलं, "उद्या मोटारच बंद पडली, अन् परवा एखादी बाई आनंदाबाईसारखी अडली, तर तिला न्यायचं कशानं?"

प्रश्न घरोघर पोहोचला. आनंदाबाई त्या रात्री नीट जेवली नाही. तिच्या जिवावर बेतलं होतं तेव्हा मोटार होती म्हणून ती वाचली. आता तिच्याचमुळे दुसरीच्या वाटेची मोटार जाणार असेल तर? सकाळी ती लेकराला पोटाशी घेऊन गुरुजींकडे गेली आणि म्हणाली, "आजारी मानूस असन, अडलेली बाई असन, त्यानं मोटारीतच जावं. आपन बसवून द्यावं. बाकी कोनी बसू नये." गुरुजींनी थोडा विचार केला. हे चालेल, म्हणाले. त्या शनिवारी ते उसन्या सायकलवर हिंगणघाटला निघाले, वाटेत एकदा चरात पडले, आणि सोमवारी गुडघ्याला पट्टी बांधून शाळेत हजर झाले.

मग रोज असं व्हायचं. मोटार पिंपळाखाली यायची. पोंगा वाजायचा. पारावर माणसं बसलेली असायची, कुणी उठायचं नाही. नव्या ड्रायव्हरशी कुणाचं भांडण नव्हतं, तो बिचारा पोटासाठी आलेला. म्हणून कुणीतरी त्याला आणि कंडक्टरला तांब्याभर पाणी द्यायचं, ख्यालीखुशाली विचारायचं. ते पाणी पिऊन, थोडा वेळ वाट बघून, रिकामी मोटार घेऊन पुढे जायचे. एकदा एका म्हाताऱ्याला छातीत दुखू लागलं तर गावानंच त्याला उचलून मोटारीत बसवलं, आणि कंडक्टरनं त्याचं तिकीट फाडलं नाही.

नेम मोडणारेही होते. धान्याच्या दुकानातला दिवाणजी एकदा उपरणं तोंडावरून घेऊन मोटारीत चढला. सगळ्यांनी त्याला ओळखलं, कुणी काही म्हटलं नाही. पण पूर्ण मोटारीत एकटं बसून जाणं त्यालाच जड गेलं असावं. परतताना तो कुणाच्या तरी गाडीवर मागे पाय सोडून बसलेला दिसला.

आनंदाबाई हे सगळं बघत होती आणि तिचा जीव वरखाली होत होता. उन्हं तापायला लागली होती. कुणाची म्हातारी दमून वाटेत झाडाखाली बसली, कुणाची परीक्षेला जाणारी मुलं अंधारातच उठून चालत निघाली, हे कानावर आलं की तिला वाटे, आपल्या एका बाळंतपणाचं ओझं सगळं गाव डोक्यावर घेऊन चाललंय. एकदा ती रुख्माबाईला म्हणालीसुद्धा, की बास झालं, मी सगळ्यांना हात जोडून सांगते, बसा मोटारीत.

रुख्माबाईनं मान हलवली. "आता हे तुह्या एकलीचं राह्यलं नाई पोरी," ती म्हणाली. "कवडूनं गाडी फिरवली ते माह्या डोयानं पाह्यलं. उद्या माह्या लेकीवर पाळी येईन तवा ड्रायव्हरच्या मनात भेव नसावं, म्हनून मी चालून राह्यली. तुह्यासाठी नाई."

हे ऐकून आनंदाबाईला हलकं वाटलं. पण एक सल उरलाच होता. ज्यांच्या लग्नाचा मुहूर्त टळला त्यांची आपण अजून माफी मागितली नाही. त्या मुलीच्या आयुष्यातला तो एक दिवस, आणि तो आपल्या पायी बिघडला. केशवला तिनं हे सांगितलं तेव्हा तो आधी नको म्हणाला. लोक तोंडावर दोन शब्द बोलतील, ते ऐकून घ्यावे लागतील. ती म्हणाली, ऐकून घेईन. शेवटी केशवनं बैल जुंपले आणि दोघं लेकराला घेऊन नदीपलीकडे गेली.

नवरीच्या बापाचं नाव बंडोपंत. गावातलं वजनदार, चार-सहा बैलजोड्यांचं घर. ओसरीवर ते सुपारी कातरत बसले होते. केशवनं आपण कोण ते सांगितलं. आनंदाबाईनं खाली वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "तुमच्या घरच्या कार्यात माह्यामुळं विघ्न आलं. तेवढ्यासाठी आलतो."

बंडोपंतांना काहीच उलगडेना. त्यांना वाटलं, यांचा काही घोटाळा झालाय. मग हळूहळू सगळं बोलण्यात आलं. शेठनं त्यांना निरोप धाडला होता की मोटारीचा आस तुटला. तेव्हापासून ते तसंच धरून चालले होते. मोटार एका अडलेल्या बाईसाठी मागे फिरली, त्यापायी ड्रायव्हरची भाकरी गेली, आणि त्याला वऱ्हाडाचं निमित्त पुढे केलं, यातलं त्यांच्या कानावर काहीही नव्हतं.

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "म्हंजे आमच्या नावावर त्या मानसाले काढलं," ते म्हणाले. "आमाले इचारलं तरी असतं. लगन काय, गोरजावर लागाचं ते दुसऱ्या मुहूर्तावर लागलं. पोरगी सुखात नांदून राह्यली."

त्यांनी आतून बायकोला हाक मारली. ती बाहेर आली, तिनं सगळं ऐकलं आणि सुधाला उचलून मांडीवर घेतलं. माझ्या लेकीच्या लग्नाच्या दिवशी जन्मलेली पोर, असं म्हणत तिनं घरातलं एक नवं टोपरं आणून तिच्या डोक्यावर चढवलं, आणि आनंदाबाईची खणानारळानं ओटी भरली. जेवल्याशिवाय त्यांनी कुणाला हलू दिलं नाही. शिव्या ऐकायच्या तयारीनं गेलेली आनंदाबाई परतताना वाटभर डोळे पुसत होती, आणि केशव उगाच बैलांना काहीबाही बोलत होता.

बंडोपंत बोलून थांबणाऱ्यांतले नव्हते. लगीनसराई ऐन भरात होती. नदीपलीकडच्या गावांतली वऱ्हाडं बहुतेक ओमप्रकाश शेठच्याच मोटारी भाड्यानं घेत. बंडोपंतांनी आपल्या सोयऱ्याधायऱ्यांत गोष्ट सांगितली. एकेकानं शेठकडची ठरवलेली मोटार रद्द केली. वडनेरची बाजारहाटीची उतारू माणसं बसली नाहीत तर शेठनं कळ सोसली असती. पण वऱ्हाडं तुटायला लागली तसे ते स्वतः आले.

आले तेही आपल्याच रिकाम्या मोटारीतून. स्थूल बांध्याचे, डोक्याला काळी टोपी, कपाळाला गंध. पिंपळाखाली त्यांना बाज टाकून दिली, गुळाचा चहा आणला. त्यांनी चहा घेतला. आनंदाबाईला वाटलं होतं तसा तो माणूस दिसत नव्हता. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

शेठ आधी रागानंच बोलले. म्हणाले, माझ्या तीन मोटारी, त्यांतली एक नेहमी बिघडलेली. दिलेला शब्द पाळला नाही तर माझ्याकडे येणार कोण? प्रत्येक ड्रायव्हर आपल्या मनानं गाडी वळवायला लागला तर धंदा करायचा कसा? त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून लोकांनी ते ऐकून घेतलं. मग गुरुजींनी विचारलं, वऱ्हाडाला आस तुटल्याचं का सांगितलं? शेठनं कपबशी खाली ठेवली.

"भाई, सच बोलूं तो," ते म्हणाले, "उस दिन मुझे गुस्सा आया था. दुसऱ्या दिवशी उतरला पण. मगर एक बार निकाल दिया, अब वापस बुलाऊं तो बाकी लोक काय म्हणतील, यातच राहिलो." मग त्यांनी मान वर केली. "तुम्हाला काय पाहिजे ते सांगा."

सगळ्यांनी आनंदाबाईकडे पाहिलं. पुरुषांच्या बैठकीत बोलायची तिला सवय नव्हती. पदर सावरून ती पुढे आली.

"शेठजी, तुमी चुकले असं आमाले तुमच्या तोंडून वदवायचं नाई," ती म्हणाली. "तुमची मोटार होती म्हनून हे लेकरू हाये. तुमचे उपकार मी इसरली नाई. पन ज्यानं ती फिरवली तो जिनात ओझी वाहून राह्यला. त्याले परत घ्या. अन् वाटेत अडलेलं मानूस दिसलं तर गाडी थांबन, येवढं आमाले सांगा."

शेठनं तिच्या खांद्यावरच्या सुधाकडे पाहिलं. ती त्यांच्या टोपीकडे टक लावून बघत होती. ते उठले, हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मोटारीत बसून निघून गेले. गुरुजी म्हणाले, बघू या.

पुढचे काही दिवस मोटार आली तशीच गेली. आनंदाबाईला वाटायला लागलं की आपण भलतंच बोललो, शेठ दुखावले. केशव तिला समजावत राहिला. मग एका सकाळी ती अंगण सारवत असताना सडकेवरून पोंगा ऐकू आला. तोच पोंगा, पण वाजवायची रीत निराळी, आधी एक आखूड आणि मग लांब. रुख्माबाई आपल्या दारातून ओरडली, "कवडू आला!"

शेणाचे हात तसेच घेऊन आनंदाबाई धावली. सुधाला सासूनं उचलून मागोमाग आणलं. पिंपळाखाली मोटार उभी होती आणि काचेमागे ती खाकी टोपी. या खेपेला ती टोपी वळली. कवडू खाली उतरला. शेठनं काय सांगितलं म्हणून लोकांनी त्याला घेरलं. शेठ त्याच्या घरी दाराशी आले आणि एवढंच म्हणाले की उद्यापासून गाडी काढ, असं त्यानं सांगितलं. जायला निघाले तेव्हा मागे वळून पुन्हा म्हणाले की रस्त्यात कुणी आजारी दिसलं तर मला विचारायला येत बसू नको. नवा ड्रायव्हर शेठच्या दुसऱ्या मोटारीवर गेला होता.

मग जी झुंबड उडाली ती विचारू नका. ज्यांना हिंगणघाटला काम होतं ते चढले, ज्यांना काहीच काम नव्हतं तेही चढले. गुरुजींनी सायकल टपावर बांधली. दिवाणजी सगळ्यांत आधी आत जाऊन खिडकीशी बसला आणि लोकांनी त्याची मनसोक्त थट्टा केली. त्यानंही ती हसत सोसली.

आनंदाबाईला कुठंच जायचं नव्हतं. सारवण अर्धं राहिलं होतं, चुलीवर दूध होतं. पण रुख्माबाईनं तिला हात धरून वर ओढलं आणि बायकांनी तिला पुढे सरकवत सरकवत कवडूच्या मागच्या बाकड्यावर बसवलं, सासूच्या हातची सुधा तिच्या मांडीवर दिली. कंडक्टर तिकिटं फाडून दमला. कवडूनं एकदा मागे वळून सुधाकडे पाहिलं, तिच्या गालाला बोट लावलं आणि गाडी सुरू केली. गिअर पडला तसा जराही आवाज झाला नाही.

सडकेच्या दोन्ही अंगांना शेतं मोकळी होती, पळसाला नवी पानं फुटली होती. उघड्या खिडकीतून ऊन वारा येत होता. आनंदाबाईनं बोलायला तोंड उघडलं, पण मोटारीच्या धडधडीत कवडूला ऐकू गेलं नसतं, आणि तिलाही आता बोलायची तेवढी निकड वाटेना. ती त्याच्या पाठीकडे, चाकावरच्या त्याच्या हातांकडे बघत बसली. मांडीवर सुधा कधी झोपली ते तिला कळलंही नाही.

पुढच्या फाट्यावर बायकांनी कवडूला गाडी थांबवायला सांगितलं. पाच-सहा जणी उतरल्या, त्यात आनंदाबाई होती. मोटार हिंगणघाटकडे गेली आणि धूळ खाली बसली. मग त्या सगळ्या वडनेरच्या दिशेनं परत चालायला लागल्या. कुणाच्या घरी स्वयंपाक राहिला होता, कुणाची शेळी सोडायची होती, तरी कुणी घाई करत नव्हतं. रुख्माबाईनं लेकरू आपल्याकडे घेतलं. थोड्या वेळानं दुसरीनं मागितलं, मग तिसरीनं. अशी हातोहात होत सुधा गावापर्यंत आली, आणि आनंदाबाई मोकळ्या हातांनी त्यांच्यामधून चालत राहिली.